‘तुम्ही’ म्हणजे नेमके कोण?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी मूळची साताऱ्याची. सहा वर्षांची असताना आई-वडिलांबरोबर न्यू जर्सीतील एडिसनला गेले, तिथेच शिकले आणि तिथलीच नागरिक झाले. गेली चार वर्षे पती आणि आठ वर्षांच्या मुलासह डेन्मार्कमधील ऑर्हूस शहरात राहते. पवनऊर्जेच्या क्षेत्रात अभियंता आहे. सुरुवातीचा काळ फार छान गेला. २०२५ च्या आरंभी अमेरिकेच्या अध्यक्षांनी डेन्मार्कच्या राज्याचा भाग असलेले ग्रीनलंड ताब्यात घेण्याची भाषा सुरू केली आणि हवा बदलली. कॅन्टीनमध्ये जेवताना एक सहकारी इंग्रजीत म्हणाला, “तुम्हाला आमचे ग्रीनलंड कशाला हवे आहे?” आमच्या इमारतीत कपडे धुण्याची सामाईक खोली आहे. तिथे शेजारच्या आजोबांनी “मी अमेरिकी माल घेणे बंद केले आहे” असे सांगितले आणि माझ्या हातातील साबणाच्या खोक्याकडे बघत राहिले. पुढे एका मेजवानीत एका अनोळखी बाईंनी “कुठल्या तुम्ही?” असे विचारले, तेव्हा माझ्या तोंडून “भारतातली” असे निघून गेले. त्यांचा चेहरा खुलला. तेव्हापासून मी सगळीकडे तेच सांगते, आणि घरी आल्यावर मला स्वतःची लाज वाटते. परवा मुलाने विचारले, “आई, आपण ग्रीनलंड चोरणार आहोत का?” त्याच्या वर्गात ग्रीनलंडच्या राजधानीतून, नूकहून, आलेल्या कुटुंबातील एक मुलगी आहे. तिची आई मला शाळेच्या फाटकापाशी रोज भेटते. ती मात्र या विषयावर एक अक्षरही बोललेली नाही. मी लपते आहे हे चूक आहे का? मुलाला काय सांगू? आणि दर वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ४ जुलैला, आम्ही रेबिल्डच्या टेकड्यांवरील डॅनिश-अमेरिकी उत्सवाला जातो, तिथे यंदा जावे की नाही?

— ऑर्हूस येथील एक वाचक

उत्तर

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात अध्यक्ष, ग्रीनलंड, बहिष्कार असे मोठे शब्द डोळ्यांत भरले. दुसऱ्या वाचनात लक्ष गेले ते दोन साध्या सर्वनामांकडे: कॅन्टीनमधला सहकारी म्हणाला ते ‘तुम्ही’, आणि तुमचा मुलगा म्हणाला ते ‘आपण’. तुमची बहुतेक अडचण या दोन शब्दांत अडकली आहे असे मला वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमचा सहकारी इंग्रजीत बोलला. इंग्रजीत समोरच्या एकट्या माणसाला आणि साऱ्या देशाला एकच शब्द पुरतो. परंतु तो माणूस मनात डॅनिश बोलत होता, आणि डॅनिशमध्ये एकट्याला ‘दू’ म्हणतात, अनेकांना ‘ई’. त्याच्या मनात होते ‘ई’. तुमच्या कानाने ऐकले ‘दू’. त्यात तुमचे घर मराठी, आणि आपल्या ‘तुम्ही’त आदर आणि अनेकवचन दोन्ही कोंबलेले असल्यामुळे गोंधळात भरच पडली असणार. चार वर्षांत कामापुरते डॅनिश तुम्हाला येत असेलच. पुढच्या वेळी असा प्रश्न आला की उत्तर देण्याआधी शांतपणे एवढेच विचारा: “दू की ई?” बहुतेक माणसे क्षणभर थबकतील, मग ओशाळे हसतील आणि म्हणतील, “अर्थात ई.” त्यानंतरचे बोलणे तुमच्याशी होईल, तुमच्या पासपोर्टशी होणार नाही. एखादा “दू” म्हणाला, तर तो माणूस कोणता आहे हे तुम्हाला एका अक्षरात कळले, आणि त्याच्याशी कसे वागायचे ते पुढे सांगते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९८ च्या मे महिन्यात मी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे अभ्यासवृत्तीवर होते आणि एका वृद्ध घरमालकीणबाईंकडे खोली घेऊन राहत होते. ११ आणि १३ मे रोजी भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या. त्यानंतरच्या सकाळी बाईंनी पावाच्या टोपलीशेजारी वर्तमानपत्र उलगडून ठेवले, पहिल्या पानावर बोट ठेवले आणि विचारले, “हे तुम्ही का केलेत?” जर्मन आदरार्थी सर्वनाम आपल्या ‘तुम्ही’सारखेच आहे; एक की अनेक ते त्यातून कळत नाही. मी जणू परराष्ट्र खात्याची प्रवक्ती असल्यासारखी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये चीन, पाकिस्तान, बड्या देशांचा दुटप्पीपणा असे सगळे ऐकवले. गंमत अशी की त्याच चाचण्यांवर पुण्यातील मित्रांना पत्र लिहिताना मी नेमकी उलट बाजू मांडत होते! परक्या टेबलावर कुणी बोट रोखले की माणूस आपल्या सरकारचा वकील होतो, आणि ते वकीलपत्र त्याला कुणी दिलेले नसते.

बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि मग स्वतःचे सांगितले. ग्योटिंगेन जुन्या पूर्व-पश्चिम जर्मन सीमेला अगदी लागून आहे. युद्ध झाले तर पहिला बॉम्ब आपल्या डोक्यावर, या भीतीत त्यांनी पन्नाशीपर्यंतचे आयुष्य काढले होते. अमेरिकेने पश्चिम जर्मनीत पर्शिंग क्षेपणास्त्रे आणली त्या १९८३ साली बॉनमध्ये जो प्रचंड मोर्चा निघाला, त्यात त्या चालल्या होत्या. आणि त्याच बाईंच्या फ्रिजवर त्यांच्याकडे पूर्वी राहून गेलेल्या एका अमेरिकी विद्यार्थ्याचा, त्याच्या बायकोचा आणि बाळाचा फोटो चुंबकाने लावलेला होता. दर नाताळात त्या त्याला पार्सल धाडत. क्षेपणास्त्रांवर राग आणि पोरावर माया, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात. युरोपातील ज्याला आपण सरसकट अमेरिकाद्वेष म्हणतो, त्यातला बराचसा भाग या फ्रिजसारखा असतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसले आहे.

तरीही डेन्मार्कचा राग जर्मनीच्या किंवा फ्रान्सच्या रागापेक्षा वेगळा आहे, आणि तो वेगळेपणा समजून घेतल्याशिवाय तुम्हाला त्या धुलाईखोलीत नीट उभे राहता येणार नाही. फ्रान्समध्ये अमेरिकेवर कुरकुर करणे हा जवळजवळ एक जुना छंद आहे. १९९९ मध्ये अमेरिकेने रोकफोर चीजवर जबर आयातशुल्क लावले, तेव्हा मियो गावात शेतकऱ्यांनी मॅकडॉनल्ड्सचे बांधकाम सुरू असलेले दुकानच मोडून ठेवले होते. डेन्मार्क तसा कधीच नव्हता. २००३ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी इराक युद्धाला विरोध करत होते, तेव्हा डेन्मार्क अमेरिकेबरोबर गेला. अफगाणिस्तानातील हेल्मंडमध्ये त्याने सैन्य पाठवले आणि तिथे त्याचे चाळीसहून अधिक सैनिक मारले गेले. जेमतेम साठ लाख वस्तीच्या देशाच्या मानाने ही संख्या मोठी आहे. तुमच्या शेजारच्या आजोबांच्या पुतण्याने किंवा नातवाने तिथे काम केले असेल की नाही मला ठाऊक नाही, परंतु ऑर्हूससारख्या शहरात अशी घरे आहेत. ज्याच्यासाठी आपण लढलो तोच आता आपल्या घरातील खोली मागतो आहे, आणि २०२५ मध्ये तर बळाचा वापर करणार नाही असे म्हणायलाही तयार नव्हता, ही ती भावना आहे. शत्रूवर माणूस असा चिडत नाही. तो सावध राहतो, फार तर तोंड फिरवतो. असा राग व्याह्यांवर येतो.

त्यात इतिहासाचा एक काटा आहे, जो डॅनिश लोकांना शाळेपासून ठाऊक असतो आणि अमेरिकेत वाढलेल्यांना सहसा नसतो. १९१७ मध्ये डेन्मार्कने कॅरिबियन समुद्रातील आपली तीन बेटे अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली. आज ती यूएस व्हर्जिन आयलंड्स म्हणून ओळखली जातात. त्याच व्यवहारात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, रॉबर्ट लान्सिंग यांनी, लेखी दिले होते की डेन्मार्कने आपले हितसंबंध संपूर्ण ग्रीनलंडवर विस्तारण्यास अमेरिकेची हरकत असणार नाही. पुढे १९४१ मध्ये, डेन्मार्क हिटलरच्या टाचेखाली असताना, वॉशिंग्टनमधील डॅनिश राजदूत हेन्रिक काउफमान यांनी मायदेशातील सरकारला न जुमानता अमेरिकेशी ग्रीनलंडच्या संरक्षणाचा करार केला. १९४६ मध्ये ट्रुमन सरकारने दहा कोटी डॉलरचे सोने देऊन ग्रीनलंड विकत मागितले आणि नकार घेतला. १९५१ च्या करारानुसार तर अमेरिकेला तिथे लष्करी तळ ठेवायला मिळतोच. उत्तरेकडील तुले, म्हणजे आताचा पितुफिक, आजही चालू आहे. म्हणून “सुरक्षेसाठी हवे आहे” हे कारण कॅन्टीनमध्ये कुणालाच पटत नाही: सुरक्षेसाठी जे हवे ते पंचाहत्तर वर्षे हातात आहे, मग आता सातबारा कशाला हवा, असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे.

हे सगळे तुम्हाला कॅन्टीनमध्ये पाठ म्हणून दाखवायचे नाही. परंतु “लान्सिंगचे पत्र मला माहीत आहे” एवढे वाक्य तुमच्या तोंडून आले, तर राय ब्रेडवर हेरिंग ठेवता ठेवता समोरच्याचा हात थांबेल. आपले दुखणे समोरच्याला माहीत आहे असे दिसले की अर्धे भांडण तिथेच ओसरते. हे नवरा-बायकोत जितके खरे आहे तितकेच इथे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते आणि थोडे स्पष्ट बोलते, रागावू नका. “भारतातली” हे उत्तर खोटे नाही. तुमचा जन्म साताऱ्याचा, भाषा मराठी, घरात बहुधा पोळी-भाजी. एरवी कुणी विचारले असते आणि तुम्ही तेच सांगितले असते, तर मी एक शब्द बोलले नसते. परंतु तुम्हाला स्वतःलाच लाज वाटते आहे, कारण ते उत्तर तुम्ही ओळख सांगण्यासाठी दिलेले नाही. पाऊस आला म्हणून शेजाऱ्याची छत्री उचलली, तसे ते आहे. तुम्ही बारा-पंधरा वर्षांच्या असाल तेव्हा न्यू जर्सीत “नाही, पण खरी कुठली?” या प्रश्नाने तुमचा संताप झाला असेल आणि “मी इथलीच आहे” असे तुम्ही ठणकावून सांगितले असेल. तेव्हा ज्या अमेरिकीपणासाठी भांडलात, तो आता गैरसोयीचा झाला म्हणून खुंटीला टांगता, हे तुमच्या आतल्या त्या मुलीला खुपते आहे. मला तिची बाजू बरोबर वाटते.

शिवाय हे व्यवहारातही टिकणारे नाही. ऑर्हूस काही मुंबई नव्हे. मेजवानीतल्या त्या बाई सहा महिन्यांत तुमच्या सहकाऱ्याच्या चुलत बहीण निघतील. तुमचे इंग्रजी न्यू जर्सीचे आहे हे तुम्ही दुसरे वाक्य बोललात की कुणालाही कळते. तुमच्या बँकेला तर तुम्ही अमेरिकी आहात हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, कारण २०१० च्या अमेरिकी कायद्यामुळे युरोपातील बँका प्रत्येक खातेदाराला तो प्रश्न विचारतात. आणि ज्या क्षणी लपवलेले उघड होईल, त्या क्षणी लोकांना वाटेल की हिच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी आहे. अमेरिकी असण्यात तसे काही नाही, हेच तर तुम्हाला दाखवून द्यायचे आहे.

त्यापेक्षा पूर्ण उत्तर द्या. “जन्म भारतातला, वाढले न्यू जर्सीत, आता ऑर्हूसची.” यातील एकही तुकडा गाळू नका, आणि मधला तुकडा पुटपुटू नका. ज्या बाईंचा चेहरा “भारत” ऐकून खुलला, त्यांचा चेहरा “न्यू जर्सी” ऐकून किंचित पडेल. पडू द्या. पुढच्या दहा मिनिटांत तो परत वर येतो की नाही ते बघण्यासारखे असते, आणि माझा अनुभव असा की बहुधा येतो.

त्यांच्याशी बोलताना दोन गोष्टी मात्र टाळा. एक म्हणजे माफी. ज्या गोष्टीवर तुमचा ताबा नाही तिची माफी मागू लागलात की समोरच्याला वाटते, आपण योग्य दारावर आलो आहोत, आणि तो रोज येऊ लागतो. दुसरी म्हणजे स्वतःच्या देशाची यथेच्छ निंदा करून टाळ्या मिळवणे. हे फार सोपे असते, काही अमेरिकी माणसे युरोपात त्यावरच मित्र जोडतात, आणि ऐकणारे माना डोलावत असले तरी मनात नोंद ठेवतात की हा माणूस आपल्याबद्दल दुसरीकडे असेच बोलत असेल. तुमचे जे मत आहे ते सांगा. अध्यक्षांचे बोलणे तुम्हाला मान्य नसेल तर “मला ते मान्य नाही” असे एकदा, सपाट आवाजात म्हणा. मान्य असेल, तर तेही म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. कुणाला मत दिले, हे सांगण्यास तुम्ही कुणालाही बांधील नाही. मत दिले, एवढे सांगता आले तर उत्तम. परदेशातील अमेरिकी नागरिकाला शेवटच्या पत्त्याच्या राज्यातून, म्हणजे तुमच्या बाबतीत न्यू जर्सीतून, मतदान करता येते. त्यासाठीचा ‘फेडरल पोस्ट कार्ड’चा अर्ज दर वर्षी जानेवारीत भरून टाकावा. सरकारविषयी बोलण्याचा अधिकार मत न देणाऱ्यालाही असतो, परंतु “मी माझे काम केले आहे” असे म्हणताना आवाज वेगळा लागतो.

धुलाईखोलीतील आजोबांविषयी. मार्च २०२५ पासून तिथल्या बिल्का, फ्योटेक्स आणि नेट्टो या दुकानांत किमतीच्या पट्टीवर एक छोटा काळा तारा दिसू लागला, हे तुम्ही रोज पाहतच असाल; तो तारा म्हणजे माल युरोपीय मालकीचा आहे. आजोबा तारा बघून खरेदी करतात, हा त्यांचा हक्क आहे आणि खरे तर ही निषेधाची फार सभ्य रीत आहे. कुणाची काच फुटत नाही. त्यांनी तुमच्या साबणाच्या खोक्याकडे पाहिले यात फार वाचू नका. मी तुमच्या जागी असते तर ते खोके त्यांच्यापुढे धरून म्हणाले असते, “यावर तारा आहे का, तुम्हीच बघा, मला चष्मा लागतो.” डॅनिश विनोद कोरडा असतो आणि त्यांना तो परतफेडीत मिळाला तर आवडतो. जमल्यास हेही सांगा की डेन्मार्कमध्ये कोका-कोला बाटल्यांत भरते ती त्यांचीच बीअर कंपनी कार्ल्सबर्ग, तेव्हा त्या बहिष्काराचा पहिला फटका डॅनिश कामगाराला बसतो. भांडणासाठी सांगू नका. गप्पांत आले तर सांगा.

आणि बहिष्काराचे दुसरे टोक काय असते, हे ऑर्हूसकरांना शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर २००५ रोजी ज्या दैनिकाने मुहम्मद पैगंबरांची व्यंगचित्रे छापली, त्या ‘युलँड्स-पोस्टन’चे मुख्यालय तुमच्या शहराला लागून असलेल्या वीबीमध्ये होते. २००६ च्या आरंभी मध्यपूर्वेतील दुकानांतून डॅनिश लोणी आणि चीज उतरवले गेले; त्यात सर्वाधिक होरपळली ती दूध उत्पादकांची सहकारी संस्था आर्ला, आणि तिचेही मुख्यालय वीबीतच. एका वर्तमानपत्राने केलेल्या गोष्टीसाठी डेन्मार्कच्या युलँड भागातील गायवाल्याला जबाबदार धरले गेले, तेव्हा साऱ्या डेन्मार्कने एकच प्रश्न विचारला होता: यात माझा काय संबंध? त्या काळात परदेशात असलेला कुणी सहकारी तुमच्या कार्यालयात नक्की असेल. त्याला विचारा, तेव्हा तू काय सांगायचास? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारू नका, खरोखर जाणून घ्यायचे म्हणून विचारा. त्याच्या उत्तरात तुमचे उत्तर सापडण्याची शक्यता माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त आहे.

आता ते “दू” म्हणणारे. कुणी तुमच्या कामाच्या मूल्यमापनात, बैठकीत किंवा मुलाच्या शाळेत अमेरिकी असण्यावरून खोचक बोलत असेल, पुन्हा पुन्हा बोलत असेल, तर त्याला इतिहास, दुखावलेली मैत्री वगैरे काही लागू करू नका. तो साधा त्रास आहे. एकदा एकट्यात गाठून सांगा, “हे थांबव.” नाही थांबला, तर तारखा लिहून ठेवा आणि तुमच्या कामगार संघटनेच्या प्रतिनिधीकडे जा, डॅनिश कार्यालयांत तो माणूस त्यासाठीच असतो आणि त्याच्याकडे जाणे तिथे आगाऊपणा समजला जात नाही. तुमच्या पत्रावरून मात्र अजून असे काही घडलेले दिसत नाही, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त खुणावले ते फाटकापाशी उभे राहणारे मौन. जरा बघा: कॅन्टीनमध्ये डॅनिश सहकारी “आमचे ग्रीनलंड” म्हणतो, तुमचे अध्यक्ष “आम्हाला हवे” म्हणतात, आणि जिचे ते घर आहे ती बाई मुलीचे दप्तर सावरत गप्प उभी आहे. ग्रीनलंडची वस्ती सुमारे ५७,०००. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. जानेवारी २०२५ मधील जनमत चाचणीत त्यांतील ८५ टक्के लोकांनी अमेरिकेचा भाग व्हायला नकार दिला. परंतु म्हणून ते डेन्मार्कवर खूश आहेत असे नव्हे. १९५३ मध्ये तुलेच्या तळासाठी तिथल्या मूळ रहिवाशांच्या, इनुगुइतांच्या, कुटुंबांना अवघ्या काही दिवसांत हुसकावून उत्तरेला पाठवले; तळ अमेरिकेचा, हुसकावणारे डॅनिश. १९६८ मध्ये हायड्रोजन बॉम्ब घेऊन उडणारे अमेरिकी बी-५२ बॉम्बफेकी विमान तिथल्या बर्फावर कोसळले, आणि आपल्या भूमीवर अण्वस्त्रे नकोत असे जाहीरपणे सांगणाऱ्या डॅनिश सरकारने आतून डोळेझाक केल्याचे १९९५ मध्ये उघड झाले. साठ-सत्तरच्या दशकांत हजारो ग्रीनलंडी स्त्रियांच्या आणि शाळकरी मुलींच्या शरीरात, अनेकींना विचारल्याशिवाय, गर्भनिरोधक साधने बसवली गेली. पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी त्याबद्दल २०२५ मध्ये माफी मागितली.

हे तुम्हाला कॅन्टीनमध्ये हत्यार म्हणून वापरता येईल असे वाटेल. कृपा करून वापरू नका. “आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून” हा खेळ दोघांना खेळता येतो, आणि त्यात ती फाटकाजवळची बाई तिसऱ्यांदा वगळली जाते. तिच्याशी बोला. ग्रीनलंडवर बोला असे मी म्हणत नाही. तुमच्या मुलाला आणि तिच्या मुलीला एका शनिवारी घरी खेळायला बोलवा, चहा करा, शंकरपाळे ठेवा. विषय काढायचा की नाही हे तिला ठरवू द्या. तिने काढला तर ऐका, मध्ये “पण अमेरिकेत सगळे तसे नाहीत” हे वाक्य घालू नका, ते तिला माहीत आहे. नाही काढला तर शंकरपाळे पुरेत.

राहिला मुलाचा प्रश्न. आठ वर्षांच्या पोराने ‘आपण’ म्हटले, ‘ते’ म्हटले नाही, याचे मला कौतुक वाटले. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, इंग्रजीत नाहीत, आणि तो प्रश्न त्याने मराठीत विचारला म्हणून त्याला ‘आपण’ म्हणता आले. त्याला हसण्यावारी नेऊ नका आणि भाषणही देऊ नका. सांगा की आपण, म्हणजे तू, मी आणि बाबा, कुणाचे काही चोरणार नाही. सांगा की अमेरिकेच्या अध्यक्षांना ते बेट हवे आहे, बेटावरच्या लोकांना ते मान्य नाही, आणि अमेरिकेतही पुष्कळ लोकांना हे बोलणे चुकीचे वाटते. मग तो विचारेल, आपल्याला काय वाटते? तिथे तुमचे खरे मत सांगा. आणि वर्गात कुणी चिडवले तर “मी आठ वर्षांचा आहे, माझ्याकडे आरमार नाही” एवढे उत्तर त्याला डॅनिशमध्ये पाठ करून द्या. माझ्या अंदाजाने ते तो शाळेत आवडीने वापरेल.

त्याला आणखी एक आकडा सांगण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या काही दशकांत सुमारे तीन लाख डॅनिश माणसे पोटासाठी अमेरिकेला गेली. त्यांच्यातल्याच काहींनी पैसे गोळा करून रेबिल्डच्या टेकड्या विकत घेतल्या आणि १९१२ मध्ये डेन्मार्कला भेट दिल्या, या अटीवर की तिथे अमेरिकेचे सण साजरे करता यावेत. युद्धासारखे मोजके अपवाद सोडले तर तेव्हापासून ४ जुलैला तिथे दोन्ही देशांचे झेंडे लागत आले आहेत. त्या टेकड्या कुठल्याही अध्यक्षाने दिलेल्या नाहीत आणि कुठल्याही अध्यक्षाने परत मागितलेल्या नाहीत. तुमच्यासारख्याच, एक देश सोडून दुसऱ्यात रुजलेल्या माणसांनी त्या विकत घेतल्या.

तेव्हा यंदा जा. जमल्यास त्या नूकच्या मुलीलाही विचारा, तिच्या आईची परवानगी घेऊन. नाही म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका. मोटारीने ऑर्हूसपासून तास-सव्वा तासाचा रस्ता आहे, उतारावर हेदरच्या झुडपांत बसायला जाड सतरंजी लागेल, आणि जुलै असला तरी छत्र्या घ्या. या वेळी स्वतःच्या.